किशोरींसाठी हक्काचा एक तास

दिवाळी सरली की मराठवाड्यातील अनेक गावे एकाएकी ओस वाटू लागतात. जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पाच-सहा महिने उसाच्या फडात राबायचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे गावी परतायचे, हा क्रम आता कित्येक कुटुंबांत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पोहोचला आहे. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या जिवावर सोपविलेली मुले. त्यांत तेरा ते सतरा वर्षांची मुलगी असेल तर घराला घोर लागतो. बरोबर न्यावी तर शाळा सुटते आणि पालावर स्वयंपाक व धाकट्या भावंडांची जबाबदारी तिच्यावर पडते. आजीजवळ ठेवावी तर ‘काही बरेवाईट झाले तर’ ही धास्ती फडातही पाठ सोडत नाही. यातून सुटण्याचा तिसरा मार्ग म्हणजे तिचे लग्न उरकून टाकणे. आईबापांना तोच सर्वांत सुरक्षित वाटतो, ही या प्रश्नाची खरी गुंतागुंत आहे.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल ठरते ती कोयत्यावर. घरातील मुलाचे लग्न झाले की घराचा एक कोयता वाढतो आणि मुलगी सासरी गेली की मागे तिची राखण करण्याची चिंता मिटते. म्हणजे एकाच व्यवहारात एका घराची कमाई वाढते आणि दुसऱ्या घराचे ओझे उतरते. बालविवाह हा निव्वळ अज्ञानाचा किंवा रूढीचा परिणाम आहे, असे शहरात बसून मानले जाते. परंतु या अर्थकारणाकडे पाहिल्यावर ते मत टिकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळले. शेजारच्या परभणीत ते ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के होते. जालन्यातही दर तीन स्त्रियांमागे साधारणतः एकीचे लग्न अल्पवयात झाले होते. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत हा जिल्हा राज्यात नंदुरबारच्या खालोखाल मागे होता. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे ज्या जालन्याचे नाव देशभर घेतले जाते, त्याच जिल्ह्याचे हे दुसरे चित्र आहे.

अशा मुलींसाठी काय करावे, असा प्रश्न निघाला की पहिली सूचना येते ती इमारतीची. किशोरवयीनांसाठी एखादे भवन बांधावे, त्यात वाचनालय, संगणक, खेळाचे साहित्य ठेवावे, समुपदेशक नेमावा. सूचना चांगल्या हेतूची असते आणि आमदार-खासदार निधीतून ती मंजूर होणेही तुलनेने सोपे असते. पण ग्रामीण महाराष्ट्रातील समाजमंदिरे, व्यायामशाळा आणि सभामंडप यांची पुढे काय गत होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या सूचनेवर चटकन विश्वास ठेवता येत नाही. किल्ली कोणाकडे तरी असते आणि तो नेमका बाहेरगावी गेलेला असतो. जेथे दार उघडे राहते तेथे ओट्यावर पत्त्यांचा डाव बसतो. ज्या जागेच्या पायरीवर दिवसभर पुरुष बसलेले असतात, तेथे चौदा वर्षांची मुलगी पाऊल ठेवत नाही आणि तिचे घरचे तिला ठेवू देत नाहीत.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. निरनिराळ्या देशांतील युवा केंद्रांविषयी झालेल्या अभ्यासांचा एक आंतरराष्ट्रीय आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. तरुणांना, विशेषतः मुलींना, आरोग्यविषयक माहिती व सेवा मिळाव्यात म्हणून उभारलेल्या या केंद्रांचा प्रत्यक्ष लाभ परिसरातील थोड्याच तरुणांनी घेतला. येणाऱ्यांत मुलगे अधिक होते, त्यांतील अनेक जण अपेक्षित वयोगटाच्या पुढचे होते आणि ते येत ते मुख्यतः करमणुकीसाठी. ज्यांच्यासाठी केंद्र, त्या बाहेर आणि ज्यांना गावात कोठेही बसायला मोकळीक आहे, ते आत, असा हा प्रकार. कॅरमबोर्ड ठेवण्यात गैर काही नाही, पण कॅरमबोर्ड कोणाला बोलावतो, याचा विचार आधी व्हायला हवा.

पाचोडचा धडा

जालना जिल्ह्याच्या सीमेला लागूनच, पैठण तालुक्यातील पाचोड येथे या प्रश्नाचे निराळे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच शोधले गेले. तेव्हाचा औरंगाबाद आणि आताचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला तो याच जिल्ह्यातून, त्यामुळे पाचोड आणि अंबड यांच्यामधली सीमारेषा शासकीय आहे. जमीन, पीकपाणी, सोयरिकी आणि स्थलांतर दोन्हीकडे सारखेच. पाचोडच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेने डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परिसरातील खेड्यांत अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला.

त्याची रचना अगदी साधी होती. आठवड्यातील पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास. वर्षभरात सुमारे २२५ तास. शिकविणारी बाहेरून आलेली समुपदेशक नव्हती, तर त्याच गावातील, निदान सातवी शिकलेली स्त्री होती. तिला संस्थेने प्रशिक्षण दिले होते. शाळा सुटलेल्या आणि शेतात मजुरीला जाणाऱ्या मुली विशेषत्वाने डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. शिकवायचे काय, तर आरोग्य, बालसंगोपन व आहार, गावातील संस्था कशा चालतात, ग्रामपंचायतीत काय होते, समाजातील प्रश्न आणि स्वतःचे म्हणणे मांडण्याची रीत. अभ्यासक्रम ठरविताना पालकांना विचारण्यात आले होते आणि गावाच्या समितीचे त्यावर लक्ष होते. लग्न हा शब्द पाटीवर लिहून त्याच्याविरुद्ध मोहीम काढण्यात आली नाही.

परिणाम कसे मोजले, हे येथे महत्त्वाचे आहे. वॉशिंग्टनस्थित ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संस्थेसोबत झालेल्या अभ्यासाचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ ते २००१ या काळात, ज्या गावांत हा वर्ग चालला तेथील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते, ते ६२ टक्क्यांपर्यंत उतरले. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलींच्या तुलनेत, जेथे वर्ग नव्हता तेथील मुलींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट होती.

या आकड्यांना भुलूनही चालणार नाही. वर्षभर नेमाने वर्गाला पाठविणारे घर मुळातच थोडे मोकळ्या मनाचे असू शकते. चौपटीच्या आकड्यात त्या मोकळेपणाचाही वाटा असणार. शिवाय ६२ टक्के हे प्रमाण आजच्या परभणीपेक्षाही अधिक आहे. लग्नाचे वय एका वर्षाने पुढे जाणे म्हणजे काय, असेही कोणी विचारील. ज्या मुलीचे पहिले बाळंतपण त्यामुळे एका वर्षाने लांबते, दहावीची परीक्षा जिच्या पदरात पडते, तिच्या आयुष्यात त्या एका वर्षाचे मोल फार मोठे असते.

मुळात या वर्गाने नेमके काय साधले? माहिती दिली, हे खरे; पण माहिती रेडिओवरून आणि शाळेच्या पुस्तकातूनही मिळते. वर्गाने मुलीला घराबाहेर पडण्याचे एक मान्य कारण दिले. खेड्यात मुलगा घराबाहेर असतो तेव्हा कोणी विचारत नाही. मुलगी असते तेव्हा ‘कुठे गेली होतीस’ या प्रश्नाला उत्तर लागते. पाणी, सरपण, शाळा, मंदिर एवढीच मान्य उत्तरे तिच्यापाशी असतात. ‘ताईंच्या वर्गाला’ हे आणखी एक उत्तर गावाने मान्य केले की रोजचा एक तास तिच्या हक्काचा होतो. त्या तासात तिच्या वयाच्या दहा-पंधरा मुली भेटतात. घराबाहेरच्या एका मोठ्या बाईशी तिचा विश्वासाचा संबंध जुळतो. कोणाचे स्थळ पाहणे सुरू आहे, कोणी आठवडाभर आलेली नाही, हे त्या वर्गाला इतर कोणाच्याही आधी कळते.

जागा, वेळ आणि ताई

पाचोडचा हा अनुभव जालन्यातील एखाद्या गावात वा वस्तीत उतरवायचा झाला तर वेगळी इमारत बहुधा लागणारच नाही. अंगणवाडीची खोली दुपारनंतर रिकामी असते, जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग पाचनंतर मोकळे असतात. वस्ती आणि ही जागा यांच्यामध्ये दारूचे दुकान, पानटपरी किंवा अंधाराचा पट्टा नसावा. मुलींना घोळक्याने येता-जाता यावे एवढे अंतर असावे. आत दिवा, पिण्याचे पाणी आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे. यांतील शेवटच्या गोष्टीवाचून पुष्कळ चांगले उपक्रम बंद पडतात आणि अहवालात त्याचे कारण ‘मुलींचा अल्प प्रतिसाद’ असे लिहिले जाते.

वेळ मुलींनी ठरवायची. जालना हा पाणीटंचाईचा जिल्हा. २०१२-१३ च्या दुष्काळाची सर्वाधिक झळ ज्या भागांना बसली त्यांत तो अग्रभागी होता. उन्हाळ्यात टँकर कधी येतो यावर घरातील मुलीचा दिवस बेतलेला असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत ती पाचच्या आत शेतातून येत नाही आणि साडेसातनंतर भाकरी टाकायच्या असतात. मधला जो तास उरतो तोच वर्गाचा. कार्यालयीन वेळेत, सकाळी अकरा ते पाच चालणारे केंद्र हे केवळ शाळेतही नसलेल्या आणि कामावरही नसलेल्या मुलींचे केंद्र ठरेल, आणि अशा मुली या भागात फार थोड्या.

तरीही सगळा डोलारा ‘ताई’वर उभा असतो. ती गावातीलच असावी, कारण तिच्या शब्दावर आई विश्वास ठेवते. पण ती गावातीलच असल्यामुळे तिच्यावर दडपणही येते. एखाद्या मुलीने वर्गानंतर मागे थांबून, पुढच्या रविवारी आपला साखरपुडा आहे, असे सांगितले तर ताईने काय करायचे? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा असून तो नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. महाराष्ट्रात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हे गावपातळीवरील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि त्यांना अंगणवाडी सेविकेने साहाय्य करायचे असते. १०९८ या क्रमांकावर कोणालाही खबर देता येते. पण ज्या घरचे लग्न मोडते ते घर ताईच्या आळीतले असते आणि खबर कोणी दिली असावी याचा अंदाज गावाला तासाभरात येतो. त्यानंतर त्या आळीतील एकही मुलगी वर्गाला पाठविली जात नाही.

म्हणून ताईला एकटे पाडणारी रचना टिकत नाही. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असावी, अशी तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच असते. ही समिती आणि वर्गातील मुलींच्या आयांचा एक गट महिन्यातून एकदा नेमाने बसत असेल, तर स्थळ पाहण्याच्या टप्प्यावरच, हळद लागण्याच्या कितीतरी आधी, घरच्यांशी बोलता येते. तेव्हा बोलणारी ताई नसते, आजीच्या वयाची कोणी असते. मांडवात पोलीस आणण्याची वेळ आली तर लग्न थांबते, त्याची बातमी छापून येते, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या तालुक्यातील नातेवाइकांच्या गावी तेच लग्न गुपचूप लागण्याची शक्यता मात्र कायम राहते.

दुसरा प्रसंग याहून कठीण. मुलगी लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगते आणि ‘कोणाला सांगू नका’ अशी विनवणी करते. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. तेव्हा ‘येथे सांगितलेले येथेच राहील’ असे आश्वासन ताईने कधीही देता कामा नये. काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात मुलींना सांगून टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे. हे ऐकून काही मुली गप्प राहतील, हा तोटा मान्य करावा लागतो; पण खोट्या भरवशावर मन मोकळे केल्यानंतर घात झाल्याची भावना त्याहून वाईट. केंद्र चालविणाऱ्या संस्थेने बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जवळचे पोलीस ठाणे यांच्याशी ओळख आधीच करून ठेवली असेल, तर प्रसंगी ताईला कागदाचा तुकडा हातात घेऊन दारोदार फिरावे लागत नाही.

बाहेरच्या जगातील दोन पुरावे

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने २००८ पासून युगांडात किशोरींसाठी असेच क्लब चालविले. आठवड्यातील पाच दुपारी उघडणारी खोली, मुलींपेक्षा थोड्याच मोठ्या वयाची मार्गदर्शक, खेळ, गप्पा, आरोग्याची माहिती आणि जोडीला हाताला काम देणारे प्रशिक्षण. क्लब असलेल्या व नसलेल्या वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून चार वर्षांनी तुलना केली, तेव्हा क्लबच्या वस्त्यांत किशोरवयीन गर्भधारणा एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे आणि बळजबरीच्या शरीरसंबंधांची तक्रारही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. हाच कार्यक्रम टांझानियात नेला तेव्हा मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. साधनांची चणचण हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. युगांडात क्लबच्या जागेचे भाडे संस्था देत होती. टांझानियात जागा गावाने फुकट द्यावी अशी अपेक्षा होती. ‘लोकसहभाग’ हा शब्द आपल्याकडे फार आवडीने वापरला जातो, तेव्हा हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अंगणवाडीची खोली फुकट मिळेल. पण विजेचे बिल, सतरंजी आणि ताईचे मानधन यांची तरतूद कोणी तरी लेखी केलेली असली पाहिजे.

दुसरा पुरावा सिएरा लिओनचा. तेथे २०१४ मध्ये इबोलाची साथ आली आणि शाळा बंद पडल्या. ज्या गावांत साथीच्या निर्बंधांची झळ अधिक बसली, तेथे क्लब नसलेल्या ठिकाणी मुलींची अविवाहित गर्भधारणा वाढली आणि नंतर शाळेत परतणाऱ्या मुली घटल्या. क्लबच्या गावांत ही हानी बरीच आटोक्यात राहिली. मार्च २०२० पासून महाराष्ट्रातील शाळा दीर्घकाळ बंद होत्या. त्या काळात मराठवाड्यात झटपट आणि कमी खर्चात उरकलेल्या लग्नांच्या बातम्या वाचकांच्या स्मरणात असतील. शाळा बंद असताना मुलींकडे लक्ष ठेवणारी दुसरी कोणतीच जागा बहुतेक गावांत नव्हती.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. युनिसेफच्या सहकार्याने २००८ च्या सुमारास राज्याच्या काही भागांत ‘दीपशिखा’ उपक्रम सुरू झाला; त्यात गावातील थोरल्या मुलींना ‘प्रेरिका’ म्हणून तयार करण्यात आले. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याअंतर्गत रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात जालना जिल्ह्याचाही समावेश करण्यात आला. पण वसतिगृहात जाते ती शाळेत टिकलेली मुलगी. सातवीतून सुटलेली तेथे पोहोचत नाही. आणि अंगणवाडीमार्फत किशोरींसाठी असलेली केंद्राची योजना २०२२ च्या फेररचनेनंतर १४ ते १८ वयोगटासाठी, ईशान्येकडील राज्ये सोडल्यास, केवळ आकांक्षित जिल्ह्यांपुरती उरली आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे असे चार जिल्हे. जालना त्यांत नाही.

मुलग्यांचे काय

मुलींना सुरक्षित जागा द्यायची आणि ज्यांच्यामुळे रस्ता असुरक्षित होतो त्या मुलग्यांना मोकाट सोडायचे, हे अर्धे काम झाले. जालना शहरातील कष्टकरी वस्त्यांत नववी-दहावीत शाळा सोडलेला मुलगा गॅरेजवर, मोंढ्यात किंवा एखाद्या कारखान्यात रोजंदारीवर लागतो. हातात थोडा पैसा येतो आणि गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी पुडी मिळत नाही असे होत नाही. त्याच्याशी कोणी बोलत नाही. सगळे त्याला दटावतात. मुंबईत ‘कोरो’ या संस्थेने वस्त्यांमधील तरुणांसोबत ‘यारी दोस्ती’ हा उपक्रम चालविला. पुढे क्रिकेटच्या प्रशिक्षकांमार्फत मुलग्यांशी मुलींविषयीच्या वागणुकीबद्दल बोलण्याचा ‘परिवर्तन’ हा प्रयोग झाला. त्याच नावाने गोवंडीच्या शिवाजीनगरात मुलींची कबड्डीही सुरू झाली. उघड्या मैदानावर मुली खेळणार म्हटल्यावर घरोघरी जाऊन पालकांची समजूत घालावी लागली.

जालन्यात मुलग्यांसाठी मैदान आणि एक समंजस प्रशिक्षक पुरेसा आहे. त्यांना बाहेर पडण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र मुलामुलींची वेळ प्रारंभी तरी निराळी असावी. आधुनिक विचारांच्या वाचकांना हे खटकेल. परंतु पहिल्याच महिन्यात एखादी अफवा उठली तर तिची किंमत मुलींना मोजावी लागेल. मुलग्यांचा खेळ दुसऱ्या दिवशीही चालू राहील.

एक बाब उरते ती वेळापत्रकाची. ऊसतोडीहून कुटुंबे परततात ती मार्च-एप्रिलात. हातात हिशेबाचे चार पैसे असतात, भाऊबंद गावात असतात आणि अक्षय तृतीयेच्या आसपास लग्नसराई ऐन भरात असते. नेमक्या याच वेळी शाळांना उन्हाळी सुटी लागते, शिक्षक आपापल्या गावी जातात आणि हजेरीपटावरून कोणाचे नाव गळाले हे जूनपर्यंत कोणालाही कळत नाही. किशोरींचा वर्ग शाळेच्या आवारात भरत असेल, तर त्या दोन महिन्यांसाठी खोलीची किल्ली ताईकडे राहील, असे मुख्याध्यापकांकडून मार्चमध्येच लिहून घ्यावे लागेल, आणि फडावरून नुकत्याच परतलेल्या मुलींची नावे वर्षाच्या मध्यातही पटावर घेण्याची सोय ठेवावी लागेल.